साध्वी सुसान्ना वेस्ली

ज्या घरीं लेंकरें पुष्कळ आणि पैसा थोडा, जेथें पतीचें मन एकीकडे व पत्नीचें दुसरीकडे, जेथें पाळणा आज हालतो आणि उद्यां रिकामा होतो, अशा घरांतील मातेनें देवाच्या चरणीं केव्हां बसावें, हा प्रश्न आमच्या कित्येक भगिनींच्या मनांत येत असेल. आपण बहुधा असें समजतों कीं, भक्ति ही निवांत घरांतली वस्तु आहे. चूल विझली, मुलें निजलीं, सावकार दारावरून परत गेला, म्हणजे मग देवाचें नांव घ्यावें. परंतु असा निवांतपणा जिला संसारांत बहुधा मिळालाच नाहीं, अशा एका स्त्रीचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. तिचें नांव सुसान्ना वेस्ली. जॉन व चार्ल्स वेस्ली ह्या प्रख्यात बंधूंची माता म्हणून ती जगास ठाऊक आहे. पण पुत्रांच्या कीर्तीकरितां नव्हे, तर तिनें आपल्या घराच्या चार भिंतींच्या आंत जो झगडा केला त्याकरितां, तिची ओळख करून घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

जन्म व माहेर

सुसान्ना हिचा जन्म ता. २० जानेवारी १६६९ रोजीं लंडन शहरांत झाला. तिचा पिता डॉक्टर साम्युएल अ‍ॅनेस्ली हा मोठा विद्वान पाळक होता. इ. स. १६६२ मध्यें इंग्लंडांत असा कायदा झाला कीं, राजमान्य मंडळीचें प्रार्थनापुस्तक व तिची शिस्त जे पाळक संपूर्णपणें मान्य करणार नाहींत, त्यांनीं आपल्या जागा सोडाव्या. त्या वेळीं ज्या अनेक पाळकांनीं विवेकास स्मरून आपल्या उपजीविकेवर पाणी सोडलें, त्यांत अ‍ॅनेस्ली हाही होता. त्याच्या पंचवीस अपत्यांमध्यें सुसान्ना ही सर्वांत धाकटी.

घरांत ग्रंथ विपुल होते, आणि धर्मविषयांवर चर्चा करणारे लोक नेहमीं येत. ही मुलगी ऐकत बसे व विचार करी. अवघी बारा-तेरा वर्षांची असतां तिनें दोन्ही पक्षांचीं मतें आपल्या बुद्धीप्रमाणें तपासून पाहिलीं, आणि बापानें जी राजमान्य मंडळी सोडली होती तिच्यांतच जाण्याचा निश्चय केला. बापाला हें दुःखदायक वाटलें असलें पाहिजे. तथापि त्यानें तिला अडविलें नाहीं, व तिजवरची माया कमी केली नाहीं. आपल्या विवेकास जें पटलें तें धरून राहावें, हा बापाचा वारसा तिनें बापापासून दूर जाऊनच घेतला. ह्या एका गुणानें पुढें तिच्या संसारांत पुष्कळ वादळें उठविलीं, आणि त्याच गुणानें तिला त्या वादळांत उभेंही ठेविलें.

पतिपत्नी

इ. स. १६८८ मध्यें, एकोणिसाव्या वर्षीं, तिचा विवाह साम्युएल वेस्ली ह्या तरुणाशीं झाला. साम्युएल हा सत्शील, विद्वान व कष्टाळू होता. काव्याची त्यास आवड होती, व प्राचीन भाषा त्यास चांगल्या अवगत होत्या. परंतु पैशाचा हिशेब त्यास कधींच साधला नाहीं. शतकाच्या शेवटल्या दशकांत त्यास एपवर्थ गांवची पाळकी मिळाली, आणि मरेपर्यंत तो तेथेंच राहिला. एपवर्थ हें लिंकनशायर परगण्यांत, दलदलीच्या मुलखांत वसलेलें गांव. तेथील लोक रांगडे. नव्या पाळकाची कडक शिस्त त्यांस रुचली नाहीं. पाळकाच्या वांट्यास शेतजमीन आली, पण शेतीचें ज्ञान आलें नाहीं. कर्ज वाढत गेलें तें आयुष्याच्या अखेरपर्यंत फिटलें नाहीं.

सुसान्नाच्या पोटीं एकोणीस मुलें जन्मलीं. त्यांपैकीं नऊ तान्हेपणींच वारलीं. तीन पुत्र व सात कन्या मिळून दहा वाढलीं. वाचकांनीं ह्या आंकड्यांवरून झटकन् पुढें जाऊं नये. सुमारें वीस वर्षांच्या अवधींत ह्या माउलीनें नऊ अर्भकें भूमीच्या स्वाधीन केलीं, आणि प्रत्येक वेळीं घरीं परत येऊन उरलेल्यांस जेवूं घातलें. तिची स्वतःची प्रकृतिही नाजूक असे; कित्येक दिवस तिला अंथरुणावरच काढावे लागत.

ह्यांतच पतीशीं बेबनाव झाला. इ. स. १७०२ च्या आरंभीं इंग्लंडच्या गादीवर तिसरा विल्यम राजा होता. पूर्वीच्या दुसऱ्या जेम्स राजास दूर करून तो गादीवर आला होता. म्हणून त्यास खरा राजा मानावें कीं नाहीं, ह्याविषयीं सुसान्नाच्या मनांत किंतु होता. साम्युएल मात्र त्या राजाचा कट्टर अभिमानी. घरच्या उपासनेंत त्यानें राजाकरितां प्रार्थना केली, तेव्हां पत्नीनें आमेन म्हटलें नाहीं हें त्याच्या लक्षांत आलें. कारण विचारतां तिनें तें न लपवितां सांगितलें. साम्युएल संतापला. ज्या घरांत दोन राजे आहेत तेथें पतिपत्नींनीं एकत्र नांदूं नये असें ठरवून तो तिजपासून वेगळा झाला, व पुढें घर सोडून लंडनला निघून गेला.

आपण चुकलों असें कोणी दाखवून दिल्यास क्षमा मागण्यास सुसान्ना तयार होती. परंतु मनास न पटतां मागितलेली क्षमा म्हणजे देवापुढें खोटें बोलणें होय, असें तिला वाटे. तिनें एका विद्वान धर्मगुरूस पत्र लिहून सल्ला विचारला, आणि त्यानें तिच्या विवेकास पाठिंबा दिला. मार्च महिन्यांत विल्यम राजा मरण पावला, भांडणाचें मूळ कारण नाहींसें झालें; तरी नवऱ्याचा राग गेला नाहीं. शेवटीं त्याच वर्षाच्या जुलैअखेर घरास आग लागून घराचा बराच भाग जळाला, आणि त्या संकटांत दोघें पुन्हां एकत्र आलीं. पुढल्या वर्षीं जून महिन्यांत त्यांस पुत्र झाला, तोच जॉन वेस्ली. ज्या पुत्रानें पुढें इंग्लंड देश हालवून सोडला, तो ह्या मोडत आलेल्या आणि पुन्हां सांधलेल्या संसाराचें फळ होता.

ह्या भांडणांत दोघांपैकीं कोणीच निर्दोष नव्हतें असें आम्हांस वाटतें. आमेन हा शब्द बळजबरीनें काढवून घेतां येत नाहीं, हें साम्युएलला कळावयास पाहिजे होतें. आणि विवेकाचा अभिमान व मनाचा हट्ट हीं दोन्हीं एकाच घरांत शेजारीं शेजारीं राहतात, हें सुसान्नालाही कळावयास पाहिजे होतें. पुढेंही त्यांचीं मतें क्वचितच जुळलीं, व ही आपल्या घराची एक दुर्दैवाची गोष्ट आहे असें तिनें मोठ्या झालेल्या जॉनला पत्रांतून कळविलें. पण आणखी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. सुसान्नाचा एक भाऊ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत आपल्या देशांत सुरत येथें होता. त्यानें आपलें कांहीं काम साम्युएलवर सोंपविलें होतें. तें बिघडलें तेव्हां त्यानें बहिणीस रागाचें पत्र लिहिलें. इ. स. १७२२ मध्यें तिनें त्यास जें उत्तर पाठविलें त्यांत, व्यवहारांत आपला पति कच्चा आहे हें मान्य केलें, परंतु त्याच्या प्रामाणिकपणावर शिंतोडा येऊं दिला नाहीं. घरांत त्याच्याशीं निर्भयपणें वाद करणारी ही स्त्री घराबाहेर त्याची ढाल होती.

पाळणा, तुरुंग व आग

इ. स. १७०५ सालच्या निवडणुकींत साम्युएलनें उघडपणें एक पक्ष घेतला, व गांवांतील पुष्कळ लोक दुसऱ्या पक्षाचे होते. सुसान्ना नुकतीच बाळंत झाली होती. रात्रीं जमाव येऊन तिच्या खिडकीखालीं आरडाओरड व ढोल वाजवूं लागला. तान्हें मूल सांभाळण्यासाठीं शेजारच्या घरीं एका दाईकडे दिलें होतें. त्या गोंगाटानें दाईस मध्यरात्र उलटेपर्यंत झोंप लागली नाहीं. आणि लागली ती इतकी गाढ कीं, कूस वळतांना बाळ तिच्या अंगाखालीं गुदमरून मेलें. घाबरलेल्या दाईनें तें निष्प्राण बाळ आणून आईच्या हातीं दिलें.

हें दुःख ताजें असतांच, तीस पौंडांहूनही कमी अशा एका कर्जाकरितां विरोधकांच्या स्नेह्यानें साम्युएलला धरून लिंकन येथील किल्ल्यांतल्या तुरुंगांत टाकविलें. सुसान्नाजवळ रोकड नव्हती. तिनें आपल्या बोटांतील आंगठ्या काढून पतीकडे पाठविल्या, कीं त्या विकून त्यानें आपली गरज भागवावी. त्यानें त्या परत पाठविल्या. ज्या दोघांस एका राजाविषयीं एकमत होतां आलें नव्हतें, तीं आतां एकमेकांकरितां काय सोडावयास तयार होतीं, हें ह्या आंगठ्यांच्या जाण्यायेण्यावरून दिसतें. इकडे रात्रीं कोणीं दुष्टांनीं येऊन पाळकाच्या गाई भोंसकल्या. त्या गाईंच्या दुधावर लेंकरांचा बराच आधार होता.

त्या दिवसांत यॉर्कचे आर्चबिशप शार्प ह्यांनीं तिला विचारलें कीं, घरांत कधीं भाकरीची वाण पडली काय. तिनें उत्तर केलें तें असें कीं, भाकर अगदींच मिळाली नाहीं असें कधीं झालें नाहीं. परंतु ती मिळविण्याची चिंता व मिळाल्यावर तिचे पैसे भागविण्याची चिंता एवढी असे कीं, खाल्लेला घांस गोड लागत नसे. आर्चबिशपांनीं त्या कुटुंबास सढळ हातानें मदत केली. आमच्या खेड्यांतील किती माता हें उत्तर ऐकून मान हालवतील! सारफथच्या विधवेचें पिठाचें मडकें रितें झालें नाहीं हें खरें. पण तिलाही रोज त्या मडक्यांत हात घालून पाहावें लागत असलें पाहिजे.

ता. ९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्रीं पाळकाच्या घरास पुन्हां आग लागली, आणि ह्या वेळीं घर समूळ जळालें. छपर गवती होतें. सुसान्नाचे दिवस भरत आले होते. इतरांप्रमाणें खिडकींतून बाहेर पडणें तिला शक्य नव्हतें. ती ज्वाळांमधूनच वाट काढीत बाहेर आली, तेव्हां तिचे हात व तोंड भाजलें होतें. मुलें मोजून पाहतां साडेपांच वर्षांचा जॉन दिसेना. जिना पेटला होता. बापानें वर जाण्याचा प्रयत्न केला, पण व्यर्थ. तेव्हां त्यानें गुडघे टेकून मुलाचा आत्मा देवाच्या हातीं सोंपविला. इतक्यांत जॉन माडीच्या खिडकींत दिसला. शिडी आणण्यास अवकाश नव्हता; एका मनुष्याच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला व त्यानें मुलास ओढून घेतलें. लगेच छपर कोसळलें. घर, पुस्तकें, कपडे, कागदपत्र, सर्व गेलें. पण आठही मुलें वांचलीं, म्हणून त्या मातापितरांनीं राखेजवळ देवाचे आभार मानले. पुढल्याच महिन्यांत तिला शेवटची कन्या झाली. पाळकाचें घर पुढें विटांचें बांधण्यांत आलें, आणि तें अद्यापि उभें आहे.

घरची शाळा

घर बांधून होईपर्यंत मुलें ठिकठिकाणीं शेजाऱ्यांच्या व आप्तांच्या घरीं राहिलीं. तीं परत आलीं तेव्हां आईस दिसून आलें कीं, त्यांच्या तोंडीं वाईट शब्द बसले आहेत, उपासनेची गोडी गेली आहे, आणि अनेक वर्षांचे श्रम जणूं त्या आगींतच जळाले आहेत. तिनें पुन्हां पहिल्यापासून आरंभ केला.

तिच्या घरीं शाळा रोज सहा तास भरे. सकाळीं नऊ ते बारा, दुपारीं दोन ते पांच. मूल पांच वर्षांचें झालें म्हणजे त्यास एका दिवसांत मुळाक्षरें शिकविण्यांत येत. दोन मुलींस मात्र दीड दिवस लागला, तेव्हां आईनें त्यांस मंद ठरविलें. पण पुढें आपला तो समज उतावीळपणाचा होता असें तिनें स्वतःच लिहून ठेविलें. अक्षरें आलीं कीं उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून वाचन सुरू होई. नीट वाचतां येईपर्यंत कोणत्याही मुलीस शिवणकामास बसवावयाचें नाहीं, असा तिचा कडक नियम होता. मुलींस अक्षर कशाला, असें म्हणणारे लोक त्या काळीं पुष्कळ होते. त्या काळांत हा नियम एका कर्जबाजारी घरांत पाळला गेला. दुसरा नियम असा कीं, ज्यानें आपला अपराध आपण होऊन कबूल केला त्यास मारावयाचें नाहीं. कारण भीतीमुळेंच मुलें खोटें बोलावयास शिकतात.

मुलाची हट्टी इच्छा लहानपणींच मोडावी आणि त्याकरितां छडीही वापरावी, असें तिचें मत होतें. वर्षाच्या लेंकरानेंही हळू रडावें असा तिचा दंडक असे. आज कोणी समंजस माता ह्या बाबतींत तिचें अनुकरण करणार नाहीं, आणि करूं नये. परंतु तिच्या कडकपणाच्या तळाशीं जो धीर होता तो घेण्याजोगा आहे. एकदां साम्युएलनें, एकाच मुलास एकच गोष्ट वीस वेळां काय म्हणून सांगतेस, असें तिला विचारलें. तिनें सांगितलें कीं, एकोणीस वेळां सांगून थांबलें असतां तर सगळे श्रम फुकट गेले असते. विसाव्या वेळीं त्यास समजलें.

आणि तिची स्वतःची प्रार्थना? घाईच्या वेळीं आपला एप्रन डोक्यावर ओढून घेऊन ती प्रार्थना करी, व मग मुलें तिला हांक मारीत नसत, अशी एक गोष्ट पुष्कळ ठिकाणीं सांगतात. पण तिच्या स्वतःच्या लेखांवरून जें दिसतें तें ह्याहूनही साधें आहे. तिनें सकाळचा व संध्याकाळचा एकेक तास देवाकरितां राखून ठेविला होता, आणि त्या वेळीं मनांत आलेले विचार ती कागदावर उतरून ठेवी. काम संपलें म्हणजे प्रार्थना करूं, असें तिनें म्हटलें नाहीं. कारण काम कधींच संपणार नाहीं हें तिला ठाऊक होतें. त्या कागदांत समाधानाच्या गोष्टींबरोबर शंका, थकवा व स्वतःवरचा राग हींही आहेत. भक्तिमान् मातेस कधीं उदास वाटूं नये असें ज्यांस वाटतें, त्यांनीं हें लक्षांत घ्यावें.

तरंगंबाडीचें वृत्त

एपवर्थच्या त्या घरास आपल्या देशाशीं जोडणारा आणखी एक धागा आहे. डेन्मार्कच्या राजानें पाठविलेले झीगेनबाल्ग व प्लुत्शौ हे दोन मिशनरी इ. स. १७०६ च्या जुलै महिन्यांत तामिळ मुलखांतील तरंगंबाडी येथें उतरले. त्यांच्या कार्याचें वृत्त इंग्रजींत छापून प्रसिद्ध झालें, आणि त्याची एक प्रत साम्युएलच्या अभ्यासिकेंत होती. थोरली कन्या एमिलिया हिनें ती आईस वाचावयास आणून दिली. ती वाचून सुसान्नाचें अंतःकरण कित्येक दिवस भरून येत राहिलें. आपण पुरुष नव्हे, पाळक नव्हे, दूर देशीं जाणें आपल्यास शक्य नाहीं. तथापि देवाकरितां आपण आजपर्यंत केलें ह्याहून अधिक कांहीं करूं शकूं, असें तिला वाटूं लागलें. मग तिनें कोठें आरंभ केला? आपल्या मुलांपासून.

रोज रात्रीं एकेका मुलास जवळ घेऊन एकांतांत त्याच्या आत्म्याविषयीं बोलावयाचें, असें तिनें ठरविलें. सोमवार मेरीचा, मंगळवार हेटीचा, बुधवार अ‍ॅनचा, गुरुवार जॉनचा, शुक्रवार मार्थाचा, शनिवार चार्ल्सचा, आणि रविवार एमिलिया व सुसान ह्या दोघींचा. भरल्या घरांत प्रत्येक लेंकरास असें वाटे कीं, आठवड्यांतून एक वेळ आई केवळ आपली आहे. जॉन हा मोठा होऊन ऑक्सफर्डला विद्वान म्हणून मान्यता पावल्यावरही, त्या गुरुवारच्या घटकेंतला थोडा वेळ अद्यापि मला द्यावा, अशी आईस पत्रानें विनंती करी.

इ. स. १७११-१२ च्या हिंवाळ्यांत साम्युएल मंडळीच्या सभेकरितां लंडनला होता. मागें ठेविलेल्या साहाय्यक पाळकाचे उपदेश नीरस असत, व रविवारीं संध्याकाळीं उपासना होत नसे. तेव्हां सुसान्ना आपल्या स्वयंपाकघरांत मुलांस व चाकरमाणसांस जमवून प्रार्थना म्हणे व एखादा छापील उपदेश वाचून दाखवी. चाकरानें ही गोष्ट आपल्या आईबापांस सांगितली, तीं आलीं. शेजारी आले. तीस-चाळीस झाले, आणि पुढें दोनशेंहून अधिक लोक जमूं लागले. जागा न मिळाल्यामुळें कित्येक परत जात. ज्या गांवानें तिच्या खिडकीखालीं ढोल वाजविले होते, तें गांव आतां तिच्या चुलीजवळ देवाचें वचन ऐकावयास दाटीवाटीनें उभें राहूं लागलें.

साहाय्यक पाळकास हें खपलें नाहीं. त्यानें लंडनला तक्रार लिहिली, व साम्युएलनें पत्नीस हें बंद करण्याविषयीं सुचविलें. इ. स. १७१२ च्या फेब्रुवारींत तिनें त्यास दोन पत्रें लिहिलीं. ह्या सभांमुळें लोकांत पूर्वींपेक्षां सलोखा वाढला आहे, देवळांत येणारांची संख्याही वाढली आहे, हें तिनें दाखवून दिलें. शेवटीं तिनें नम्रपणें, पण ठामपणें असें कळविलें कीं, सभा बंद व्हावी असें तुमचें खरोखर मत असेल तर केवळ इच्छा प्रदर्शित करूं नका. स्पष्ट आज्ञा करा, म्हणजे ख्रिस्ताच्या न्यायासनापुढें ह्या गमावलेल्या संधीचा जाब मला द्यावा लागणार नाहीं. साम्युएलनें ती आज्ञा केली नाहीं. दहा वर्षांपूर्वीं आमेन न म्हटल्यामुळें घर सोडून जाणारा तोच पति ह्या वेळीं गप्प राहिला. उभयतां कांहीं शिकलीं होतीं असें आम्हांस वाटतें.

मुलींचीं दुःखें

येथें चरित्र संपविलें असतें तर वाचावयास गोड झालें असतें. पण तें सत्य झालें नसतें. एवढ्या निष्ठेनें वाढविलेल्या मुलांचे संसार सुखाचे झाले असें नाहीं. सुसान हिचा नवरा इतका कठोर निघाला कीं, तिला अखेर त्याचें घर सोडावें लागलें. मार्थाच्या नवऱ्यानें तिच्याशीं बेइमानी केली. सर्वांत दुःखाची कथा हेटीची. ती बुद्धिमान्, उत्तम कविता करणारी. इ. स. १७२५ मध्यें एका मनुष्यानें विवाहाचें वचन देऊन तिला फसविलें. ती गरोदर राहिली. घाईघाईनें एका अशिक्षित कारागिराशीं तिचें लग्न लावण्यांत आलें. बापानें तिला अखेरपर्यंत क्षमा केली नाहीं. आणि आईचेंही मन लवकर विरघळलें नाहीं. भाऊ जॉन ह्यानें मात्र बापाचा रोष पत्करून, पश्चात्ताप करणाऱ्यांवर दया करावी असा उपदेश बापाच्याच देवळांत केला. ज्या आईनें कबूल केलेल्या अपराधास शिक्षा नाहीं असा नियम घालून दिला, तिलाच तो ह्या वेळीं पाळतां आला नाहीं, आणि तिच्याच हाताखालीं शिकलेल्या मुलानें तो तिच्यापुढें धरला. मातापित्यांनीं हें वाचून अंतर्मुख व्हावें. ज्या घरीं मुलगी चुकली आहे, त्या घरीं अधिक कडक होणें सोपें आहे. दार उघडणें कठीण आहे.

शेवटलीं वर्षें

ता. २५ एप्रिल १७३५ रोजीं साम्युएल वारला. पाळकाचें घर सोडावें लागलें, व मागें कर्ज राहिलें. इतकीं वर्षें जिनें एक घर चालविलें, ती आतां एका मुलाच्या, एका मुलीच्या, मग एका जांवयाच्या घरीं राहूं लागली. त्याच सुमारास जॉन व चार्ल्स अमेरिकेंत जॉर्जिया येथें सुवार्तेकरितां गेले. म्हातारपणचे आधार दूर जात असतां तिनें त्यांस मागें खेंचलें नाहीं.

इ. स. १७३८ च्या मे महिन्यांत ह्या दोघां बंधूंस असा अनुभव आला कीं, आपलें तारण आपल्या पुण्यकर्मांनीं नव्हे, तर केवळ ख्रिस्तावरील विश्वासानें झालें आहे. आईनें त्यांस लहानपणापासून शास्त्र शिकविलें होतें. पण आपल्या पापांची क्षमा आतांच झाली आहे अशी खात्री मनुष्यास ह्या जन्मीं मिळूं शकते, हें तिनें स्वतः फारसें ऐकलेंच नव्हतें. मग इ. स. १७३९ मध्यें, सत्तर वर्षांची असतां, ती प्रभुभोजनास बसली होती. प्याला देणारा तिचा जांवई, मार्थाचा नवरा होता. ख्रिस्ताचें रक्त तुझ्याकरितां दिलें गेलें, ह्या अर्थाचे नेहमींचे शब्द त्यानें उच्चारले, आणि ते तिच्या अंतःकरणांत शिरले. ख्रिस्ताकरितां देवानें आपल्या सर्व पापांची क्षमा केली आहे, हें तिला त्या क्षणीं कळलें.

प्रिय वाचकहो, ह्या प्रसंगाचा विचार करा. जन्मभर सकाळ-संध्याकाळ देवापुढें बसणाऱ्या ह्या स्त्रीस मनाची पूर्ण शांति मिळाली ती म्हातारपणीं. आणि ती अशा माणसाच्या हातून, कीं ज्यानें तिच्या लेकीचा संसार पुढें दुःखाचा केला. देणारा हात मलिन होता, पण देणगी प्रभूची होती. तिची शांति घरांतल्या माणसांच्या चांगुलपणावर अवलंबून नव्हती. म्हणून त्यांच्या वाईटपणानें ती हिरावून घेतां येत नव्हती.

तिचे शेवटले दिवस लंडनमध्यें जॉनजवळ गेले. पूर्वीं जेथें तोफा ओतीत असत अशी एक जुनी इमारत घेऊन जॉननें तेथें उपासनालय केलें होतें. तेथेंच तिची खोली होती. पाळकपदाची दीक्षा नसलेल्या एका तरुणानें तेथें उपदेश केला तेव्हां जॉन रागावला. परंतु आईनें त्यास सांगितलें कीं, आधीं त्या उपदेशाचें फळ पाहा, मग त्यास बंदी कर. जॉननें ऐकलें, आणि पुढें तसल्या सामान्य उपदेशकांच्या द्वारेंच त्याचें कार्य खेडोपाडीं पसरलें. स्वयंपाकघरांत उपदेश वाचणाऱ्या स्त्रीवांचून ही सूचना दुसऱ्या कोणास सुचली असती?

इ. स. १७४२ च्या जुलै महिन्यांत, त्र्याहत्तराव्या वर्षीं, तिनें देह ठेविला. आपला प्राण सुटतांच मुलांनीं रडत न बसतां देवाचें स्तवनगीत गावें, अशी तिनें विनंती केली होती. मुलांनीं बिछान्याभोंवतीं उभें राहून ती पुरी केली. लंडन येथील बनहिल फील्ड्स नांवाच्या स्मशानभूमींत तिला ठेविलें आहे. चार्ल्सनें लिहिलेलीं हजारों गीतें जगभर गाइलीं जातात, आणि जॉनच्या अनुयायांची मंडळी इ. स. १८७० नंतर मुंबई व पुणें येथेंही स्थापन झाली.

भगिनींनो, सुसान्नाचें घर आदर्श नव्हतें. तेथें कर्ज होतें, भांडण होतें, रिकामे पाळणे होते, चुकलेली मुलगी होती आणि क्षमा करण्यास चुकलेली आई होती. अशा घरांत तिनें देवाकरितां दोन तास व प्रत्येक लेंकराकरितां एक घटका राखून ठेविली, आणि जळून गेलें तेव्हां पुन्हां पहिल्यापासून आरंभ केला. फळ तिच्या हातीं नव्हतें. कांहीं तिनें पाहिलें, कांहीं पाहिलें नाहीं. तुमच्याजवळ दोन तास नसतील. जात्यावर बसतांना किंवा पाणी आणतांना मिळणारी घटकाच असेल. तुमच्या सात लेंकरांपैकीं एकाचाच वार आज असेल. तो आज रात्रीं त्यास द्या. जो प्रभु एपवर्थच्या धुरकटलेल्या स्वयंपाकघरांत आला, त्यास तुमच्या घराचा उंबरठा ओळखीचा आहे.